कच्च्या तेलातली गया

या, असे पुढे सरकून बसा. भिंतीला टेकून ऐकणाऱ्याच्या वाट्याला कीर्तन निम्मंच येतं. उरलेलं बुवांच्या उपरण्यातच अडकून राहतं. गावंडे घराण्यातल्या एका आखाजीची, म्हणजे अक्षय तृतीयेची, गोष्ट सांगतो, म्हणजे घरी जाताना सोबत न्यायला काहीतरी होईल. आज निरूपणाला अभंग घेतलेला नाही, एक चेहरा घेतला आहे. तो कुणाचा, हे त्या दिवशी त्या घरात कुणालाच नीट कळलं नाही, आणि मलाही अजून पुरतं उमगलेलं नाही. ज्याला सगळं कळतं त्याचं नाव एकदा मनात घ्या, आणि ऐका.

घरधनी नत्थुजी गेल्यावर घर दोन गावांत वाटलं गेलं, ते तुम्हाला ठाऊकच आहे. थोरला किशोर अमरावतीला, धाकटा नितेश अकोल्याला, भातकुलीचं शेत बटईनं, निम्म्या वाट्यावर दिलेलं. त्यांची आई मनकर्णाबाई धाकट्याकडे राहत असे, पण आखाजीला मात्र थोरल्याच्या घरी. पितरांच्या नावानं पाण्याच्या घागरी थोरल्यानंच भरायच्या, असा त्या घराचा नेम. आदल्या संध्याकाळी नितेशनं तिला गाडीतून आणलं आणि स्वतःही मुक्कामाला राहिला.

सकाळी किशोरची बायको चंदा आंब्यांची पाटी घेऊन बैठकीत आली आणि जागच्या जागी थांबली. खिडकीखाली स्टुलावर तिनं काढलेलं चित्र टेकून ठेवलं होतं. त्याच्या कपाळावर, दोन्ही भुवयांच्या मधोमध, बोटभर कुंकू होतं.

"आचल! अवं आचल! कोनं हात लावला याले?"

लेक आचल तोंडात दात घासायचा ब्रश धरूनच आली. वाकून पाहिलं, आणि तिला हसू आवरेना. "आई, भारी दिसून राहिली पण. फिरंगीण बाई एकदम भातकुलीची झाली."

"हासतं कायले? वल्लं हाय थे अजून! कुंकू आत गेलं पाह्य, रंगात उतरलं."

चंदानं बोट जवळ नेलं आणि मागे घेतलं. दिवाळीपासून दर रविवारी ती बडनेऱ्याहून गाडी धरून अकोल्याला जात होती. शाळेतून निवृत्त झालेले ड्रॉइंगचे हुसेन सर तिथं घरीच तैलचित्र शिकवत. त्यांची पद्धत जुनी: आधी उस्तादाची नक्कल, मग आपलं माणूस. नक्कल पसंत पडेपर्यंत स्वतःच्या मनातला चेहरा काढायला ते परवानगी देत नसत. चंदानं कुरळ्या केसांची, गुलाबी गालांची एक मुलगी मागितली होती. एरवी नकलेला मागेल तो चेहरा द्यायची सरांची वहिवाट, ती मोडून त्यांनी कपाटातून एक छापील चित्र काढलं. दोनशे वर्षांपूर्वीच्या एका फ्रेंच चित्रकाराचं. पांढऱ्या टोपीतली एक म्हातारी, भोवती तपकिरी अंधार, डोळ्यांच्या कडा लाल, आणि नजर आपल्याकडे नाही, बाजूला, कुणावर तरी खिळलेली.

"सर, ही कोण व्हय?"

"वेड्याच्या दवाखान्यातली बाई. त्या चित्रकारानं अशा माणसाइचे चेहरे काढले. नाव कोणाचंच नाही लिहून ठेवलं. गोड चेहरा देला ना तुमाले, तं तुमी त्याच्या गोडीतच राहाल, चंदाताई. ही तुमाले भुलवणार नाही."

असं म्हणून सरांनी छापील चित्र आणि कॅनव्हास दोन्ही उलटे टांगले. हनुवटी वर, टोपी खाली. "चेहरा पाहू नका. सावली पाहा. इथं तपकिरी, तिथं त्याच्याहून गडद. चेहरा पाह्यला की हात खोटं बोलते." चंदानं महिनोन्‌महिने सावल्या काढल्या. महिनाभरापूर्वी उरलेलं काम करायला कॅनव्हास घरी आणला, आणि गेल्या आठवड्यात पुरा करून सुलटा केला, तेव्हा ती स्वतःच दचकली होती. कुणाला सांगितलं नाही; चित्र आत भिंतीकडे तोंड करून ठेवलं, आणि काल रात्रीच वाळायला खिडकीखाली आणलं. सांगणार काय? आपणच काढलं आणि आपणच त्याला भ्यालो?

"म्या लावलं," मागून आवाज आला.

मनकर्णाबाई न्हाणीतून आली होती. पांढरे केस मोकळे, हातात तांब्या. मोझरीच्या आश्रमातली पहाटेची प्रार्थना म्हणून झाली होती, अजून ओठ हलत होते.

"आई, तुमी? कायले पण?"

"आखाजीले घरात आलेल्या बाईले कुंकू लावू नोको?"

"अवो, थे चित्र हाय. बाहेरदेशची कोण कुठली बाई."

"हाव ना. तुले बाहेरदेशची असन." म्हातारीनं तांब्या खाली ठेवला. "मले गया हाय."

चंदा गावंड्यांच्या घरात आली त्याला आचलच्या वयापेक्षा जास्त वर्षं झाली. लग्नं, बारशी, तेरव्या, सगळं तिच्या हातून गेलं. हे नाव तिनं कधी ऐकलं नव्हतं. कोण गया, असं विचारायला तिनं तोंड उघडलं, तेवढ्यात दारात काहीतरी आदळलं. किशोर बाजारातून नव्या घागरी घेऊन आला होता. फुटलं काही नव्हतं. त्यानं त्या जरा जोरात टेकवल्या होत्या एवढंच.

किशोरनं चित्र आजवर पाहिलं होतं ते उलटं. चंदाचं खूळ, म्हणून कौतुकानं दोनदा मान डोलावून पुढे गेला होता. आता ते सुलटं होतं, कपाळावर कुंकू होतं, आणि ती बाजूला, थेट दारात उभ्या असलेल्या त्याच्याकडे पाहत होती. त्याला एकदम भातकुलीची पडवी आठवली. पडवीच्या खांबाला पाठ लावून बसलेलं कुणीतरी. जेवायला वाढलेलं ताट, त्यावर माशा, आणि ही नजर. तो तेव्हा तिसरीत होता. ताटातला गूळ त्यानं उचलला तर ती काही बोलली नव्हती, फक्त अशीच पाहत राहिली होती.

"कोनं सांगतलं तुले?" तो बायकोला म्हणाला.

"काय सांगतलं?"

"मले शिकवू नोको चंदा. कोनं सांगतलं? माय बोलली ना तुले अकोल्याले? दर रविवारी जेवाले जातं तू तिच्याकडे."

"अवो देवाशपथ, मले कोणी काईच सांगतलं नाई. तुमीच सांगा ना आता, कोण गया?"

किशोरच्या लक्षात आलं. बायकोला ठाऊक नव्हतं. आता त्याच्याच तोंडानं अर्धं बाहेर पडलं होतं. श्रोतेहो, झाकलेलं भांडं उघडं पडतं ते बहुतेक झाकणाऱ्याच्याच हातून.

नितेश खांद्यावर टॉवेल टाकून आतून आला. तो विनोदी स्वभावाचा, घरात सगळ्यांचा लाडका. चित्रासमोर उभा राहून मान वाकडी करून म्हणाला, "वैनी, मायचं चित्र काढलं का? पण माय एवढी रागीट कवा दिसते वो? फक्त माह्या बायकोनं भाजीत मीठ जास्त टाकलं तवाच."

कुणी हसलं नाही.

"काय झालं? कोणी गेलं का?"

"गया कोण व्हय, नितेशभाऊ? तुमाले आत्या होती का कोणी?" चंदानं त्यालाच विचारलं.

"आत्या? नाई बा. बाबा एकटेच होते ना? हो ना, दादा?"

दादा खाली वाकून घागरी सरळ करू लागला. नितेशनं आईकडे पाहिलं. आई चित्राकडे पाहत होती.

"माय?"

"तू पोटात बी नव्हता तवा," मनकर्णाबाई म्हणाली. "गया तुह्या बापाची धाकली बहीण. लेकरू झालं अन् गेलं. मंग सासरच्याइनं आणून टाकलं आपल्या दारात. जेवे नाई, बोले नाई. खांबापाशी बसे. गावात लोक काहीबाही बोलत. मंग तुह्या बापानं तिले नागपूरच्या दवाखान्यात नेलं."

"मंग?"

"मंग काय. थो एकटा आला. म्हणला, तिचं नाव घरात काढायचं नाई. म्या बी नाई काढलं."

"अन् पुढं? बरी झाली? मेली? काय झालं?"

"थेच तं कोणाले ठाव नाई रे बाप्पा."

आचल इतका वेळ दाराच्या चौकटीला धरून उभी होती. ती हळूच म्हणाली, "आजी, पण आईनं तं छापील चित्र पाहून काढलं. सरांनी देलं थे. मंग आपल्या घरची बाई त्याच्यात कशी येईन?"

 मग आचलनंच मोबाईल काढला आणि अकोल्याला व्हिडिओ कॉल लावला.

पलीकडे फोन सरांच्या नातीनं, तुबानं धरला होता. आधी छत दिसलं, मग पंखा, मग हुसेन सरांची पांढरी दाढी. "सलाम, चंदाताई. आखाजीच्या शुभेच्छा. आमच्या हलीमाबी विचारून राहिल्या, यंदा शेवया इकडे येतात का नाही?" मागून हलीमाबींचा आवाज आला, "मैंने कब पूछा? खुद को खाने हैं!"

"सर, एक गडबड झाली." चंदानं फोन चित्रासमोर धरला.

सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "तुबा, जरा स्थिर धर बेटा. ताई, टोपीची झालर कुठं गेली?"

"नाई जमली सर. लय चुण्या होत्या. मंग म्या साधीच काढली."

"मंग थो पदर झाला. पाहा ना, डोक्यावरून घेतलेला पदर. अन् नाक?"

"नाक बी चुकलं का?"

"चुकलं नाही. दुसऱ्याचं झालं. शिकणाऱ्याचा हात असंच करते. ज्या घरात उठतो बसतो, त्या घरची नाकं हाताले सरावलेली असतात. चित्र उलटं टांगा, सुलटं टांगा, थे येतातच. थांबा, हे कपाळावर काय लावलं?"

"कुंकू. आईनं लावलं. अन् रंग वल्लाच हाय, वाळतच नाई सर. तुमी म्हणले होते आठवड्यात वाळंन."

"तेल कोणतं टाकलं?"

चंदानं स्वयंपाकघराकडे पाहिलं.

"ताई?"

"तुमी देलेली बाटली सरली होती. जवसाचंच तेल लागते म्हणले ना तुमी. मंग घरी होतं भातकुलीच्या तेलघाणीवरचं."

"चटणीवर घेता थे?" सरांनी कपाळाला हात लावला. "किती टाकलं?"

"भाजीत टाकतो तसं. अंदाजानं."

तुबाला हसू आलं आणि फोन हलला. छत, पंखा, पुन्हा दाढी. "या अल्ला. ताई, थे तेल साफ केलेलं नसते, अन् तुमी त्याची फोडणीच देली! थे वाळंन, पण आपल्या मर्जीनं वाळंन. महिना घेईन, दोन घेईन."

"मंग कुंकू पुसू का? निघंन?"

"आत्ता निघंन. टर्पेंटाइनचा बोळा घ्या, हलक्या हातानं, एकदाच. राहू देलं तं त्याच्यासंगच वाळंन, मंग मी बी नाही काढू शकत. मूळ चित्रात तिथं लाल नाही, ताई. नक्कल म्हणून हे मले पास करता येणार नाही." सर थांबले. "पण रंगाचं मले विचारा. कुंकवाचं घरच्याइले विचारा."

फोन बंद झाला. चंदानं बाटली उघडली, चिंधीचा बोळा भिजवला आणि तशीच उभी राहिली. टर्पेंटाइनचा उग्र वास आंब्यांच्या वासात मिसळला. हा बोळा फिरवला तर नक्कल वाचत होती. पुढच्या रविवारी सर म्हणाले असते, आता आपलं माणूस काढा. आपलं माणूस म्हणजे कोण, हे तिनं दिवाळीपासून ठरवून ठेवलं होतं. आज ते काही केल्या आठवेना.

"पुसून टाक," किशोर म्हणाला. "अन् चित्र आतल्या खोलीत ने. चार वाजता आचलले पाहाले मुर्तिजापूरचे येऊन राहिले, इसरली का? किसनराव सोता येऊन राहिले पोरासंग. इथीच बसतीन, समोर हे. विचारतीन, कोण व्हय हे. काय सांगशीन?"

"सांगन, फ्रान्सची बाई हाय."

"अन् माय मधातच बोलली तं? ननंद व्हय माही, वेडी झालती म्हणून? सोयरीक राहीन का? घरात वेड हाय म्हटल्यावर कोण पोट्टी करते?"

"दादा, असं कसं बोलतं?" नितेश उसळला. "आपली आत्या व्हय. एवढी वर्सं नाव नाई घेतलं, अन् आता तोंड बी झाकतं का?"

"तुले काय जाते बोलाले? तुहा अमोल बारावीत हाय. दोन-चार वर्सानं तुह्या दारात बी पाव्हणे येतीन. तवा पाहू तुहं तोंड."

नितेशनं टॉवेलनं मान पुसली. "तसं दादाचं बी खरं हाय, माय," तो जरा खालच्या आवाजात म्हणाला. "चार वाजेपर्यंतच तं गोष्ट हाय. मंग काढू बाहेर."

मनकर्णाबाई पाटावर बसली होती. ती पाहत होती, ऐकत होती, आणि तिच्या मनात सगळं एकमेकांत गुंतलं होतं. पहाटे ती बैठकीत आली तेव्हा दिवा लावलेला नव्हता. आधी वास आला, जवसाच्या तेलाचा, भातकुलीच्या जुन्या स्वयंपाकघराचा. त्या स्वयंपाकघरात ती आणि गया एका चुलीपुढे बसत. एक भाकर थापे, एक शेके. मग खिडकीतून उजेड आला, आणि हळूहळू चेहरा दिसायला लागला. ती भ्याली नाही. "आली का वो?" एवढंच तिच्या तोंडून निघालं. बोट आपसूक देवापुढच्या कुंकवाच्या करंड्यात गेलं. बोट कपाळाला चिकटलं, ओलं लागलं, तेव्हा मात्र तिला वाटलं, हिला घाम आला. लांबून चालत आली असेल.

"माय, एक सांग," नितेश तिच्यापुढे उकिडवा बसला. "तू तिले पायलं तवा थे केवढी होती?"

"असन चोवीस-पंचवीसची."

"अन् हे चित्रातली केवढी हाय?"

"म्हातारी हाय."

"मंग ओळखलं कसं तू? तरण्या बाईचं तोंड तू म्हातारीत कसं पायलं?"

"आता म्हातारीच असन ना थे?" मनकर्णाबाई म्हणाली. "मी नाई झाली का म्हातारी?"

नितेशनं चित्राकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"म्हणजे जिती हाय असं म्हणतं का तू?" नितेश जास्तच गोंधळला. "मंग सकाळपासून मले काहून म्हणून राहिली होती, यंदा एक घागर जास्त पाह्यजे? जित्या माणसाची घागर भरतेत का?"

"मेल्यावर कोणीच नाई भरली तं? पाण्यावाचून तानलेली राहीन ना थे."

"मंग मेलेली हाय. मंग कुंकू काहून लावलं?"

"सवाष्ण गेली तं लावतेत," चंदा मध्येच म्हणाली. आपण कुणाच्या बाजूनं बोललो, हे तिचं तिलाच कळलं नाही.

"सवाष्ण हाय का थे तरी ठाव हाय का, वैनी? नवरा हाय का गेला? त्यानं दुसरी केली असन तं? माय, कोणत्या हिशेबानं काय करून राहिली तू?"

"मले नाई समजत रे बाप्पा," म्हातारी म्हणाली. "तुमी शिकले. तुमी सांगा. मी आता जास्त दिवस नाई. मी गेली की तिले ओळखणारं कोणी राहत नाई या घरात. मंग घागर बी नाई अन् नाव बी नाई. म्हणून म्हणून राहिली. यंदा तिचं नाव घ्या. एकदा घ्या."

किशोरनं डोळे मिटून घेतले. त्याला ते सगळं थांबवायचं होतं. बापाच्या शब्दाला आणि मुलीच्या लग्नाला एकाच वेळी सांभाळायचं होतं. दोन्ही हातांत दोन भरलेल्या परड्या धरल्यासारखा तो उभा होता. आणि अशा वेळी माणूस जे बोलतो तेच तो बोलला.

"माय, तुले भरम झाला. वय झालं. झोप नाई झाली रात्री. उद्या तुले डॉक्टरले दाखवतो. हे डोक्याचे चांगले डॉक्टर हायेत आता आपल्या अमरावतीत."

मनकर्णाबाईनं मान वर केली.

"मले बी नेतं का?" ती म्हणाली. रागानं नाही. खरंच विचारल्यासारखं. "तुह्या बापानं तिले नेलं तसं? मंग मले सांगून ठेव, बाप्पा. तिले नाई सांगतलं होतं कोणी. तिले सांगतलं, बडनेऱ्याले बाजारात जायाचं हाय. म्या तिची वेणी घालून देली. थे इचारे, वैनी, बाजारातून तुले काय आणू?"

श्रोतेहो, पुराणात शाप देणारे पुष्कळ आहेत. मोठमोठ्या ऋषींचे शाप मी ऐकले, रंगून ऐकले. पण या एका साध्या प्रश्नासारखं काही माझ्या कानांवर कधी आदळलं नाही.

किशोर भिंतीला हात लावून खाली बसला. नितेश चित्राकडे पाहीना आणि भावाकडेही पाहीना. आचल चौकट सोडून आली, आजीच्या मागे जाऊन बसली आणि तिचे मोकळे केस हातात घेतले. "बाबा," ती म्हणाली, "मुर्तिजापूरवाल्याइले मी सांगन. विचारलं तं सांगन, आमच्या आजोबांची बहीण व्हय. काय झालतं थे बी सांगन. पटलं तं पटलं."

"तुले कळत नाई आचल, काय होईन थे."

"नाई कळत. तुमाले बी नाई कळत. आज कोणाले काय कळून राहिलं इथं?"

चंदानं हातातला बोळा पाहिला. भिजवलेला बोळा आता निम्मा सुकला होता. तो तिनं अंगणातल्या कचऱ्याच्या डब्यात टाकला आणि बाटलीचं झाकण लावलं. नक्कल गेली. मग ती स्वयंपाकघरात गेली, आणि आतून पाणी ओतल्याचा आवाज आला.

घागरी भरायची वेळ टळत चालली होती. किशोरनं धोतर नेसलं, देवासमोर गव्हाच्या तीन राशी घातल्या आणि तीन नव्या घागरी त्यावर ठेवल्या: आजोबा बुधाजी, आजी, आणि वडील नत्थुजी. प्रत्येकीवर एक आंबा. त्यानं मोजून तीनच आणल्या होत्या. मनकर्णाबाई पुढे सरकली. तिनं फक्त शेजारी मूठभर गहू घेऊन चौथी रास घातली. त्या राशीवर काही नव्हतं.

तेव्हा चंदा माठ घेऊन आली. रोजच्या पिण्याच्या पाण्याचा माठ, बाहेरून ओला, खालून हिरवट. त्यातलं पाणी तिनं तुळशीला घालून टाकलं होतं आणि माठ विसळला होता. तिनं तो चौथ्या राशीवर ठेवला.

"अवो वैनी, थो पेयाचा माठ हाय," नितेश कुजबुजला. "पितराले नवी पाह्यजे, कोरी."

"पितर हाय का नाई, हेच कोठी ठरलं, नितेशभाऊ? आपण पेतो त्यातलंच पिऊ द्या तिले."

किशोरनं बायकोकडे पाहिलं. इतक्या वर्षांत ती त्याच्या शब्दाबाहेर गेलेली त्याला आठवत नव्हती. त्यानं तांब्या उचलला. "आजा बुधाजी," म्हणाला, आणि पहिल्या घागरीत धार धरली. "आजी." दुसऱ्या. "बाबा नत्थुजी." तिसऱ्या घागरीपाशी हात जरा जास्त वेळ थांबला, बापाशी काही बोलणं चाललं होतं की काय, कोण जाणे. मग तो माठाकडे वळला आणि अडला.

सगळे वाट पाहत होते. मनकर्णाबाईनं हात जोडले होते आणि डोळे मिटले नव्हते.

"काय म्हणू, माय?" किशोरनं विचारलं. "गेलेल्याइले म्हणतेत तसं म्हणू, का..."

"नाव घे फक्त. पुढचं त्याच्यावर सोड." तिनं देवाकडे मान वळवली.

"गया आत्या." नाव घेताना त्याचा आवाज तिसरीतल्या पोरासारखा बारीक झाला. "आत्या, जिथी असशीन तिथी पाणी पे."

पाणी माठात पडलं. मनकर्णाबाईचे ओठ हलले. नितेशनं टॉवेल तोंडाला लावला.

मग जेवणं झाली, ताटं उचलली. चार वाजायला आले, तशी आचल साडी नेसून बाहेर आली आणि बापाला म्हणाली, "बाबा, चित्र?"

किशोर चित्रासमोर गेला. उचलायला हात पुढे केला, आणि मागे घेतला.

"राहू दे," तो म्हणाला. "वल्लं हाय. हात लागंन."

आणि तेवढ्यात फाटकापाशी मुर्तिजापूरच्या गाडीचा हॉर्न वाजला.

सोयरीक जुळली की नाही, ते देवाच्या हाती. मी त्यात पडत नाही. माझं तुमच्याकडे एकच मागणं आहे. तुम्ही गावोगाव हिंडता, आजारी माणसाला पाहायला दवाखान्यात जाता. एखाद्या लांब व्हरांड्यात, खांबाला पाठ लावून, बाजूला पाहत बसलेली एखादी म्हातारी दिसलीच, तर पुढे निघून जाऊ नका. "गया" म्हणून एक हाक मारून पाहा. ती वळेल, न वळेल. आणि अशी कुणी दिसलीच नाही, तर आपल्या घरी पाण्याचा पहिला पेला भरताना, भातकुलीच्या गावंड्यांची गया, एवढं नाव मनात आणा. असेल तर तिच्यासाठी, नसेल तर तिच्यासाठी.